आंगुस्तियासची जागा

माझे मेहुणे बालतासार दारूची लाकडी पिंपं बनवायचे. स्पेनमधल्या हेरेस गावात एकाच अंगणाभोवतीच्या खोल्यांत आमची बिऱ्हाडं होती. एका खोलीत ते आणि माझी थोरली बहीण आंगुस्तियास, समोर मी एकटी.

ते फार मोठे गिटारवादक होते असं काही मी म्हणणार नाही. पण माझी बहीण गायला बसली की त्यांनी करावी तशी साथ गल्लीत दुसऱ्या कुणाला जमायची नाही.

मग त्यांची मुलगी मिलाग्रोस सोळाव्या वर्षी तापाने गेली. दुखवट्याच्या घरात गाणं नसतं, वाजवणंही नसतं. आंगुस्तियासने काळे कपडे घातले ते घातलेच. एक वर्ष झालं, चार झाली. बायका म्हणायच्या, आता पुरे. ती कुणाचं ऐकतेय!

बालतासारनी मात्र आवाज दबावा म्हणून गिटारच्या तारांखाली फडकं कोंबलं आणि सराव चालू ठेवला. दुपारी चण्याचा रस्सा खाऊन बहीण आत आडवी झाली, की हे अंगणात नळाजवळ खुर्ची टाकायचे. आधी नखं घासायची. हातोड्याच्या कामात नखं कसली टिकतात, पण उजव्या हाताची ते पोरांसारखी जपायचे. मग अनवाणी पायाने फरशीवर बारा मात्रांचा ठेका. मग नुसत्या अंगठ्याने तारा छेडायच्या. आणि शेवटी त्यांचं सगळ्यात आवडतं काम. डोळे मिटून साथ वाजवायची, गाण्याची ओळ आली की हात थांबवायचा, तेवढी जागा मोकळी सोडायची आणि मग तिला उत्तर द्यायचं.

"भाऊजी, वाऱ्याला साथ करताय का?"

"गप गं, ती गातेय."

एका दुपारी त्यांचा हात मध्येच अडला.

"रेमेदियोस, तिसऱ्या ओळीत ती श्वास कुठे घ्यायची गं?"

"मला काय विचारता? आत झोपलीय, तिला विचारा."

"तिला कसं विचारू? आवाजच आठवेनासा झालाय मला तिचा."

मला रडूच आलं. बायको दहा पावलांवर, आणि हा माणूस तिचा आवाज गमावत चालला होता. त्या दिवसापासून ते तिसरी ओळच घोटायला लागले. मध्ये थांबायचे, दर वेळी थोडं जास्तच.

दोन आठवड्यांनी दार उघडलं. आंगुस्तियास उंबऱ्यात उभी होती, केस सुटलेले. आता ही गिटार आपटणार, असं मला वाटलं.

"किती थांबतोस रे तिथे? मी तिथे श्वास घेतच नव्हते. चार वर्षं नीट जागा सोडलीस, आणि आता काय झालंय तुला?"

"तू ऐकत होतीस?"

"मग काय, भिंत आहे मी?"

तिने तारांखालचं फडकं ओढलं आणि माझ्या मांडीवर फेकलं.

"वाजव. तिसरीपासून."

चार वर्षांनी अंगणात खरा सूर वाजला. समोरच्या खिडक्या उघडल्या. बहीण गायला लागली, आवाज पार चिरकलेला. तिसऱ्या ओळीत तिचा दम संपला. बालतासार जिथे चुकून थांबायचे, नेमकी तिथेच ती थांबली.

ते थांबलेलेच होते. तिने श्वास घेतला आणि ओळ पुरी केली.