सयाजीदादांचा खिळा

सयाजीदादा वाशीच्या बाजारात पोती उचलायचे. उलट बोलणाऱ्या हमालाचा लोखंडी आकडा मुकादम काढून घ्यायचा आणि भिंतीतल्या खिळ्याला टांगायचा. आकडा गेला की काम गेलं. नव्वद साली संप जिंकल्यावर दादांनी तो खिळा उपटला. तेव्हापासून त्यांची भाषणं मी लिहितो.

पुढे दादा युनियनचे अध्यक्ष झाले. परवा धनाजी हमालाने सभेत निवडणूक मागितली. आज त्याचा आकडा दादांच्या खुर्चीमागे नव्या खिळ्याला टांगलेला होता. मी तो मागितला.

"शिस्त लागते रे," दादा म्हणाले. "चहा घे. आणि एक मेचं भाषण आण. त्यात मुकादमाचा खिळा घाल, लोकांना आवडतो."

खाली पायरीवर धनाजी बसला होता. त्याने माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.