तागडीतला चारा

एखाद्या जिवावर जिवापाड माया करायची आणि त्यालाच रोज अर्धपोटी उठवायचं, हे साधलेला एकच माणूस मी आजवर पाहिला. तो म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात, म्हणून मीही त्यांना मामाच म्हणायचो. ते लष्करात खेचरांच्या तुकडीत होते. बर्फातून ओझी वाहणाऱ्या खेचरांचा दाणा-वैरण बघण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली आणि निवृत्त होऊन तासगावला परतल्यावर त्यांच्या हातांना करमेना. आत्याची द्राक्षाची बाग होती, पण बागेत त्यांचं मन लागत नसे. "वेल काय, उभा ऱ्हातोय नुस्ता," ते म्हणायचे. "फुरफुरत न्हाई, पाय आपटत न्हाई. माणसानं बोलायचं कुणासंगं?"

मी कवठे महांकाळ तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावचा. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. मला कॉलेजात घालायचं ठरलं तेव्हा आत्यानं माझी वळकटी स्वतः एसटीत टाकून मला तासगावला नेलं. पहिल्याच दिवशी मामांनी माझा सदरा वर करायला लावला, बरगड्यांवरून बोटं फिरवली आणि आत्याला हाक मारली, "आवं, ह्याच्या बरगड्या मोजता येत्यात. ह्याला दोन भाकरी जास्त वाढत जावा." त्यानंतर तीन वर्षं मी त्या घरात पोटभर जेवलो. माझ्या ताटावर मामांची नजर असायची ती ताट रिकामं होतंय का हे पाहायला. घोड्यांच्या बाबतीत त्यांचं सगळं नेमकं उलटं होतं.

घोडी घरात आली ती ताडपत्रीच्या बदल्यात. सांगलीला एका सर्कशीचा मुक्काम पडला होता, तो काही उठलाच नाही. मालकानं सामान विकायला काढलं. बेदाणा वाळवायच्या शेडवर टाकायला चांगली ताडपत्री मिळेल म्हणून आत्यानं मामांना पाठवलं. दुसऱ्या दिवशी दारात टेम्पो थांबला आणि त्यातून कंबरेएवढी दोन घोडी उतरली. एक करडा घोडा, त्याचं नाव टायगर. आणि एक तांबूस घोडी, तिचं नाव लिली. नावं सर्कशीतली, मामांनी ती बदलली नाहीत.

"ताडपत्री कुठं हाय?" आत्यानं विचारलं.

"ताडपत्रीला गिऱ्हाईक लय हुतं," मामा म्हणाले. "ह्यांस्नी कोण न्हवतं."

दुसऱ्या दिवसापासून अंगणातल्या लिंबाच्या फांदीला तागडी टांगली गेली. सकाळी सहाला मामा शिट्टी वाजवायचे. वाळलेलं गवत आधी चाळायचं, धूळ उडवायची, मग ते तागडीत घालायचं. काटा बरोबर मध्ये येईपर्यंत मामा काडी काडी काढत आणि घालत. मोठ्या सराफाच्या दुकानात सोनं तोलतानासुद्धा एवढी शांतता नसेल. टायगर आणि लिली समोर माना लांब करून उभी असत आणि काढलेल्या प्रत्येक काडीकडे दुःखानं बघत. दाणा जवळजवळ नाहीच. महिन्यातून एकदा मामा त्यांच्या बरगड्या चाचपायचे. "बरगडी डोळ्याला दिसाय नगं, पण बोटाला लागाय पायजे," असा त्यांचा नियम. या बुटक्या जातीला गोडधोड आणि दाणा सोसत नाही, पोटात गेलेलं सुख खुरात उतरतं आणि घोडं पायातून जातं, असं लष्करातल्या जनावरांच्या डॉक्टरनं त्यांना शिकवलं होतं. "मोठं घोडं उपाशी मरतं," ते सांगायचे, "आन् बारकं घोडं लाडानं मरतं."

पण तासगावात हे पटणार कुणाला? पलीकडच्या शेडवर बेदाणा निवडायला येणाऱ्या बायका जाता-येता ओच्यातले बेदाणे कुंपणावरून टाकायच्या. मामांनी बैलांना मळणीला बांधतात तशी दोरीची मुसकी विणली आणि दुपारभर दोघांच्या तोंडाला बांधली. त्यावरून फार बोलणी खाल्ली.

"आवं मामा, कसं केविलवाणं बगतंय बगा की. दोन बेदाण्यानं काय हुतंय?"

"तुला काय न्हाई हुत, बाई. तिचं खूर सुटतंय."

"मिल्ट्रीतनं आलं आन् घोड्यांवर कर्फ्यू लावला," म्हणत बायका हसत निघून जायच्या. चिक्कू म्हातारा म्हणून गावात त्यांचं नाव झालं. मामांना त्याचं काही वाटत नसे. उलट आपल्या तागडीचा त्यांना अभिमान होता. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही ते सांगायचे की, आपल्या हातून आजवर एकही जनावर खाण्यापायी बिघडलेलं नाही. सगळ्या आयुष्यात त्यांनी मिरवलेली गोष्ट ती तेवढी एकच.

लिलीची एक सवय मात्र मामांनाही मोडता आली नाही. बँड वाजला की ती गोल फिरायची. एकदा घरावरून एक वरात चालली होती. क्लॅरिनेट सुरू होताच लिली फाटकाबाहेर गेली आणि रस्त्याच्या मधोमध मान उंच करून रिंगण धरून फिरू लागली. बँडवाल्यांना एवढं कौतुक करणारा श्रोता कधी मिळाला नव्हता, ते जागचे हलेनात. नवरदेवाचा घोडाही तिच्यामागे फिरायला लागला आणि नवरदेव वर बसून दोन्ही हातांनी मुंडावळ्या सावरत राहिला. गाणं संपल्यावर लिली मामांसमोर आली आणि तोंड वर करून थांबली. सर्कशीत अशा वेळी साखर मिळत असणार. मामांनी तिची मान थोपटली आणि म्हणाले, "ड्यूटी केलीस. ड्यूटीचं राशन येगळं न्हाई मिळत." ती बराच वेळ तशीच थांबून राहिली. ते थांबणं माझ्यानं बघवलं नाही.

माझ्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला टायगर गेला, म्हातारपणानं. मामांनी त्याला बागेच्या कडेला पुरलं. त्यानंतर पंधरा-वीस दिवस ते सकाळी दोघांचं गवत तोलायचे, टायगरचा वाटा तागडीत थोडा वेळ राहू द्यायचे आणि मग पुन्हा गंजीवर ठेवून यायचे. आत्या बघायची आणि चुलीकडे वळायची. मीही पुस्तकात बघत राहिलो.

तेव्हा लिली गाभण होती. शेवटच्या वर्षाची परीक्षा संपली आणि दोन आठवड्यांनी तिला शिंगरू झालं. ते एवढंसं होतं की आत्याला आधी वाटलं, वासराचा सांगाडाच पडलाय. मामांनी आपलं लष्करातलं कांबळं फाडून त्याचं अंग पुसलं, नाळेला आयोडीन लावलं आणि सगळ्यांना मागं सारलं. शिंगरू चार वेळा पडलं, भिंतीला चुपू लागलं, मामांच्या गुडघ्यालाही चुपून पाहिलं. आत्या पुढं झाली तर मामा म्हणाले, "हात लावू नगा. त्याचं त्याला गावू द्या." शेवटी त्याला आईची आचळं सापडली तेव्हा मामा तोंड फिरवून तागडीची दोरी उगाच घट्ट करत होते. शिंगराचं नाव त्यांनी रंगरूट ठेवलं, लष्करात नव्या भरतीला म्हणतात तसं. दूध पाजणारी म्हणून लिलीला मूठभर भिजवलेला हरभरा सुरू झाला, तोही तोलून.

बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याच्या, आदल्या दिवशी माझा बी.ए.चा निकाल लागला. मी पास झालो होतो. मामांनी गुणपत्रिका उलटसुलट करून पाहिली, आत्याच्या हातात दिली आणि टोपी घातली. "तुझ्या बापाला घिऊन येतो," म्हणाले. "असली बातमी सांगाव्यानं धाडायची नसती." बेंदराच्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं ते आमच्या गावाला गेले. जाताना मला म्हणाले, "लिलीचं आज तुझ्याकडं. तोलून घाल."

त्या दिवशी रस्त्यानं रंगवलेल्या शिंगांचे, घुंगुरमाळा घातलेले बैल चालले होते. दारोदारी बायका त्यांना ओवाळून पुरणपोळीचा घास देत होत्या. आत्या देवळाकडे गेली होती. लिली फाटकाशी उभी राहून सगळं बघत होती, पोटाशी रंगरूट. माझ्या मनात आलं, आज सगळ्या मुक्या जनावरांना गोड मिळतंय, आणि हिलाच का वाळलेलं गवत? मला त्या दिवशी सगळं जगच जेवायला घालावंसं वाटत होतं. मी आतून पोळ्या आणल्या, पाच की सहा. वर गूळ घातला. मामांच्या दाण्याच्या पत्र्याच्या पेटीला कुलूप नसायचं. त्यातला सगळा हरभरा मी घमेल्यात ओतला. लिलीनं ते ज्या घाईनं खाल्लं, ते बघून माझे डोळे भरून आले. तागडीला मी हातही लावला नाही.

संध्याकाळी मामा माझ्या वडिलांना घेऊन आले. वडील कोऱ्या धोतरात अवघडून ओट्यावर बसले. मामांनी अंगणात जाऊन लिलीकडे पाहिलं. तिच्या तोंडाभोवती पिवळं पुरण वाळलं होतं. मामांनी रुमाल ओला केला, तिचं तोंड पुसलं आणि परत येऊन पेढ्यांचा पुडा सोडला. पहिला पेढा माझ्या वडिलांच्या हातावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लिली पाय उचलेना. सगळा भार मागं टाकून, पुढचे पाय लांब करून ती उभी होती. खुरांना हात लावला तर चुलीवरच्या भांड्यासारखे गरम. मामांनी तिला इंच इंच सरकवत विहिरीच्या पाटात नेऊन उभं केलं. वीज असेपर्यंत मोटार चालवली, वीज गेली की बादलीनं ओतलं. डॉक्टर आले, इंजेक्शनं दिली, खुरं पाहिली आणि चिडून विचारलं, "एवढं खायला कुणी घातलं हिला?"

माझे वडील, आत्या आणि शेजारची चार माणसं तिथंच उभी होती. मी पुढं झालो.

"मीच की," मामा म्हणाले. "बेंदूर हुता न्हवं. हात सैल सुटला."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं. बेदाण्याच्या शेडवरची एक बाई म्हणाली, "काय मामा, तागडी चुकली व्हय?" दुसरी म्हणाली, "आमच्या दोन बेदाण्यांला काय बोलायचं हे." मामांनी मान हलवली आणि बादली पाटात बुडवली.

सगळे गेल्यावर मी त्यांच्याजवळ पाण्यात उभा राहिलो. म्हटलं, "मामा, मी सांगतो सगळ्यांना."

"गप ऱ्हा," ते म्हणाले. "तुझ्या बापाच्या जल्मात पैल्यांदा पेढा गोड लागलाय. खाऊ दे त्यास्नी." थोड्या वेळानं म्हणाले, "तिचं दूध आटंल आता. रंगरुटाचं बग."

रंगरूट जगला. शेळीचं दूध बाटलीनं, दोन-दोन तासांनी, मापानं, हे सगळा पावसाळाभर मी केलं. नोकरीचे अर्ज मी त्याच्या शेजारी गोणपाटावर बसून लिहिले. लिलीही जगली, पण पुढच्या पायांनी अधू झाली. मऊ मातीत चार पावलं चालायची, तीही विचार करून. गावात मामांची चेष्टा पुढं कित्येक महिने चालली. एसटीत त्यांनी कुणाला तागडीची गोष्ट सांगितलेली मग मी ऐकली नाही. घरावरून वरात येते असं दिसलं की ते पुढं जाऊन बँडवाल्यांना हात जोडायचे. काही ऐकायचे, काही नाही. बँड वाजला की लिली जागच्या जागी एक पाय उचलायची, ठेवायची, पुन्हा उचलायची.

चार वर्षांनी माझं लग्न झालं, तासगावातलीच मुलगी, आत्यानंच जमवलेली. मी शाळेत शिक्षक झालो होतो. मारुतीच्या देवळातून नवरदेवाला घोड्यावर बसवून मांडवाकडे न्यायचं, तर वाट आत्याच्या घरावरूनच होती. घर यायच्या आधी पन्नास पावलं मीच बँडवाल्यांना हात केला. ताशा थांबला, क्लॅरिनेट थांबलं. माझे चुलते भडकले. "पोराचं लगीन हाय का मयत?" मी पुढं चला अशी खूण केली. सगळं वऱ्हाड नुसतं चपलांचा आवाज करत चालू लागलं.

फाटकात मामा उभे होते, फेटा बांधून. बाजूला लिली. आता काही वाजत नव्हतं, पण बँडवाल्यांचे लाल कोट आणि सोनेरी झालरी तिनं बघितल्या. तिनं मान उंच केली. मामांनी आयाळीला हात घातला, मग सोडून दिला. निखाऱ्यावर ठेवावं तसं एकेक पाऊल ठेवत लिलीनं एक पूर्ण फेरा घातला. कुणी हसलं नाही. फेरा संपल्यावर ती येऊन तोंड वर करून थांबली. मामांसमोर नाही, माझ्या घोड्यासमोर.

"उतर की रं," मामा म्हणाले. "वरनंच बगत बसतोस व्हय?"

मी उतरलो. मामांनी कोटाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. आत गुळाचा एक खडा होता, हरभऱ्याएवढा. "तोललाय," म्हणाले. "घाल तू."

मी मुंडावळ्या मागं सारल्या आणि हळदीनं पिवळा झालेला तळहात पुढं केला. तिच्या ओल्या ओठांनी खडा उचलला आणि त्यानंतरही ती बराच वेळ माझा हात चाटत राहिली. मामांनी तिच्या बरगड्यांवर बोटं फिरवली. मग सवयीनं माझ्याही, नव्या कोटावरून.

"दिसत न्हाईत आता," ते हळू आवाजात म्हणाले. "जा. खोळंबल्यात सगळी."

मी पुन्हा घोड्यावर बसलो. रस्ता वळेपर्यंत बँड वाजला नाही.