घरटी एक माणूस

पुस्तक करायचं म्हणजे नवीन काही लिहायचं नाही, जुनंच नीट लावायचं, अशा समजुतीत मी होतो. पेणच्या एका साप्ताहिकात मी अकरा वर्षं सदर लिहिलं. रोह्याच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर घरची मुलं मागे लागली, त्याचं पुस्तक करा. हो म्हणून बसलो आणि मग लक्षात आलं की माझ्याकडे माझेच लेख नाहीत. मजकूर दिला की हात झटकून मोकळं व्हायचं, ही माझी सवय.

लेख निघाले बायकडे. बाय म्हणजे माझी थोरली बहीण, वडखळच्या पलीकडे खाडीकाठच्या गावात दिलेली. तिला वाचता येत नाही. सदरावर माझा फोटो असायचा, तो बघून ती पान बाजूला काढायची आणि जुन्या लुगड्यात बांधून ठेवायची. ते गाठोडं मी रोह्याला आणलं आणि सगळा उन्हाळा त्यात घातला. डोळे दुखले, कंबर गेली. लेखालेखात 'मागच्या वेळी म्हटल्याप्रमाणे' आणि 'वाचकांना आठवत असेलच', ते सगळं खोडत बसायचं. दारातला एकच आंबा पाच लेखांत मोहरलेला. स्वतःचं एवढं लिखाण सलग वाचू नये, कंटाळा येतो स्वतःचाच.

अशातच ते दोन लेख एकापाठोपाठ हाताला लागले. आमच्या लहानपणी उधाणाने खारबांध फुटला होता, त्यावरचे. बांध फुटला की खाडीचं पाणी भातशेतात शिरतं आणि शेत खारं होतं. म्हणून गावाचा नियम होता, बांध पुरा भरेपर्यंत घरटी एक माणूस रोज कामाला. आमच्या घरातून वडील गेले, अंगात ताप असताना, असं मी एका लेखात लिहिलं होतं. काही वर्षांनी लिहिलेल्या दुसऱ्या लेखात चिखल मीच वाहिला होता. साप्ताहिकात ते खपून गेलं. पुस्तकात दोन्ही कसे ठेवणार?

खरं म्हणजे दोन्ही खोटे होते. वडील अंथरुणाला खिळलेले आणि मी शाळेत. गेली ती बाय. बारा वर्षांची होती, शाळेत उशिरा घातलेली, चौथीत शिकत होती. पोराची शाळा बुडायला नको, असं वडील म्हणाले आणि कुणी उलट बोललं नाही. महिनाभर ती कमरेएवढ्या चिखलात उभी राहून ढेकळं पुढच्या हातात देत होती. बांध झाला, मग लावणी आली, मग मिठागर. शाळेत ती परत गेलीच नाही. आलेली अक्षरंही विसरली. मला हे सगळं माहीत होतं. पण लेखात आधी वडील शोभून दिसले, नंतर मी.

दोन्ही कात्रणं खिशात घालून एसटीने तिच्याकडे गेलो. ती ओटीवर भिजवलेले वाल सोलत बसली होती. मी सांगून टाकलं की बांधावरचं मी खोटं लिहिलंय, दोनदा. मला लाज वाटत होती आणि फार थकल्यासारखं झालं होतं.

तिने मान वर केली नाही. "ठाव हाय," ती म्हणाली. "सून वाचून दाखवायची."

मग तेव्हाच का बोलली नाहीस, असं मी विचारलं.

"मना वाटला, फुडल्या आठवड्यान येल."

तिने एक वाल सोलला, दुसरा घेतला. मी तिच्याजवळ बसलो आणि सोलायला लागलो. अकरा वर्षं ती दर आठवड्याला सुनेला वाचायला बसवत होती, पान जपून ठेवत होती. मी ते गाठोडं उचलून नेलं तेव्हा मला वाटलं होतं, भावाचं केवढं कौतुक आहे हिला.