बाहेर वळणारी सीट

आम्ही दोघं गाडी बघायला गेलो की विकणारा माझ्याशीच बोलतो. एकदोनदा झालं असतं तर सोडून दिलं असतं. पण गेल्या दीड वर्षात आम्ही जुन्या गाड्यांची एकवीस दुकानं पालथी घातली आणि एकवीस ठिकाणी हेच झालं. मी शाळेत भूगोल शिकवतो. बॉनेट कुठून उघडतात हे मला अजून चाचपडावं लागतं. माझ्या शेजारी उभी असलेली माझी मावशी तीस वर्षं गाड्यांच्या सीट शिवते. नुसता तळहात दाबून ती सांगते की या सीटवर एकटा माणूस बसत होता की अख्खं कुटुंब, आणि गाडी खरी किती चालली आहे. तरी समोरचा तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघणार आणि म्हणणार, "बोला सर, कशा टाइपची बघताय?"

मावशी त्याच्याशी हुज्जत घालत नाही. सरळ दार उघडून गाडीत डोकं घालते. हुज्जत घालायचं काम माझ्याकडे, आणि रागाच्या भरात मी नेहमी भलतंच बोलून बसतो.

मावशीचं दुकान म्हणजे एका गॅरेजच्या मागची लांबट खोली. एका भिंतीला रेक्झिनचे रोल, दुसरीला फोमच्या लाद्या, मधे जाड सुईचं मशीन. मशीन सुरू झालं की चहाचा कप टेबलावरून सरकत कडेला येतो, म्हणून ती कप खिडकीत ठेवते. सीटचं काम आलं की आधी ती जुनं कव्हर उसवून त्याच्या आत काय काय अडकलंय ते बघते. पेनांची टोपणं, कानातलं, औषधाच्या गोळ्या. तिचं म्हणणं असं की गाडीचं इंजिन सगळीकडे सारखंच असतं, माणसं बसतात कशी त्यावर गाडी ओळखावी.

याच नादातून तिला आणि काकांना एक वेड लागलं. काका म्हणजे तिचे यजमान, मालाचा ट्रक चालवायचे. सव्वासहा फूट उंच, आवाजही तेवढाच मोठा. सुट्टीच्या दिवशी लोक बागेत जातात, ही दोघं जुन्या गाड्यांच्या दुकानांत जायची. घ्यायचं काही नसायचं. मागच्या रांगेत धूळ खात पडलेली एखादी चमत्कारिक गाडी हुडकायची, आत पाच मिनिटं बसायचं आणि खूश होऊन घरी यायचं. एकदा त्यांना मागची सीट उलट्या तोंडाची असलेली गाडी मिळाली. एकदा पुढे तिघांची बैठक असलेली. एका गाडीत कुणा न्हाव्याने खुर्ची आणि आरसा बसवून फिरतं दुकान केलेलं होतं. काका त्या खुर्चीत बसले आणि मावशीला म्हणाले, "जरा बारीक कर." हा किस्सा मी इतक्या वेळा ऐकलाय की आता मीच तिथे होतो असं वाटतं.

मग काकांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. हळूहळू उभं राहता यायला लागलं, वॉकर धरून घरातल्या घरात चालता यायला लागलं. पण गाडीत बसवणं म्हणजे दिव्य. हॉस्पिटलमधून तपासणी करून निघताना मी आणि मावशी त्यांना आत घालत होतो. मी काखेत हात घातले होते, ती पाय उचलत होती. डोकं दाराच्या चौकटीला आपटलं, पाय सीट आणि दाराच्या मधे अडकला आणि काका फाटकासमोर फरशीवर घसरले. भोवती माणसं जमली. एकजण उचलायला आला आणि चौघे सल्ले द्यायला. त्या दिवशी घरी आल्यावर काका एकेक शब्द जुळवत म्हणाले, "आता मला कुठं नेऊ नका. पोत्यासारखं कोंबता."

त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून काका रस्त्याकडच्या खिडकीजवळ बसून होते. डॉक्टर घरी यायचे, न्हावी घरी यायचा. ज्या माणसाने उभा जन्म रस्त्यावर काढला तो तळमजल्याच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नव्हता, आणि मावशीला ते बघवत नव्हतं.

मावशीला एक गाडी आठवत होती. खूप वर्षांपूर्वी तिने तिची सीट शिवली होती. लहानशी बॉक्ससारखी गाडी, एका कंपनीने म्हाताऱ्या माणसांसाठी थोड्याच काढल्या आणि बंद केल्या. ड्रायव्हरच्या शेजारची सीट खटका ओढला की फिरून दारातून बाहेर यायची. माणसाने खुर्चीत बसतो तसं बसायचं, खटका ओढायचा की सीट आत. कुणी उचलायला नको, कोंबायला नको. तिला ती गाडी हवी होती. आता गंमत म्हणून नाही.

आम्ही निघालो. आणि तेव्हा मला या धंद्यातली एक रीत कळली, जिच्यामुळे आजही माझं डोकं तडकतं. चमत्कारिक गाडी दुकानात आली की पहिल्याच दिवशी तिला साधी करून टाकतात. पाय नसलेल्या माणसासाठी हाताने दाबायचा ब्रेक बसवलेला असेल, तो उपटतात. ठेंगण्या बाईसाठी उंच केलेली सीट खाली घेतात. कुणीतरी डोकं लढवून, वेळ घालवून, आपल्या घरच्या माणसासाठी केलेली सोय हे लोक अर्ध्या दिवसात काढून फेकतात, भोकं बुजवतात, वर रंग मारतात. का, तर गिऱ्हाईक बिचकतं. या शहरात गरजवंत माणसं नाहीत का? आहेत. ती दुकानात येतात, समोर सगळ्या सारख्या गाड्या बघतात आणि हात हलवत परत जातात. मग हेच दुकानदार सांगतात की अशा गाड्यांना मागणीच नाही.

या कामात सगळ्यांत वस्ताद होता तो चकाचक. हे नाव मावशीने ठेवलेलं, कारण कुठल्याही गाडीबद्दल काहीही विचारा, तो म्हणायचा, "एकदम चकाचक आहे." त्याचं दुकान सगळ्यांत मोठं आणि तो मावशीचं जुनं गिऱ्हाईक. फाटक्या सीटचं काम तो वीस वर्षं तिच्याकडेच पाठवत आलाय. ओळखीचा असल्यामुळे आम्ही त्याच्याकडे सगळ्यात आधी गेलो होतो. तेव्हा त्याने मला सांगितलं, "सर, तशी गाडी आपल्याकडे कधी आलीच नाही. आली तर पहिला फोन तुम्हाला." माझा नंबर त्याने लिहून घेतला.

दीड वर्षांनी, बाकी सगळीकडे हात टेकल्यावर, आम्ही पुन्हा त्याच्याकडे गेलो. मागच्या रांगेत भिंतीला लागून एक पांढरी बॉक्ससारखी गाडी उभी होती. मावशी थबकली. मग इतक्या झपाझप निघाली की मला धावावं लागलं. तिने दार उघडलं. ते नेहमीपेक्षा खूप जास्त उघडलं. चौकटीला आतून पकडायला दांडी होती. ती गुडघ्यावर बसली, सतरंजी उचलली आणि नखाने जमिनीचा पत्रा खरवडला. पुट्टी भरून बुजवलेली चार भोकं निघाली.

"हीच," ती म्हणाली.

पण सीट साधी होती. करडी, सरळ, जागची न हलणारी. मावशीने तिच्यावर हात ठेवला, मग पाठीच्या वरच्या कोपऱ्यात दोन बोटं घालून शिवण उलटी करून बघितली. बघत राहिली. कोपऱ्याला सुई तीनदा मागे नेऊन टाका पक्का करायची तिची जुनी सवय आहे. दुसरं कुणी इतकी खटपट करत नाही. तिथे तिन्ही टाके होते.

"मी शिवली आहे ही," मावशी म्हणाली. "पाच महिन्यांपूर्वी. याचीच चिठ्ठी आली होती. पुढची एक सीट, करडी, साधी, शेजारच्या सीटला जुळेल अशी. एकच का, हे मी विचारलं नाही."

तेवढ्यात चकाचक आला आणि अर्थातच माझ्याकडे आला. "सर, ही घेऊन टाका. एकदम चकाचक आहे."

"हिची आधीची सीट कुठे आहे?" मावशीने विचारलं.

त्याने मला उत्तर दिलं. "खराब होती सर ती. खटक्याला हात लागला की दारातून बाहेरच यायची. गिऱ्हाईक घाबरायचं. दिली भंगारात."

"ती बाहेर येण्यासाठीच होती," मावशी म्हणाली. "मी दीड वर्षापूर्वी तुमच्यासमोर उभं राहून हेच सांगितलं होतं."

"अहो ताई, पण नवी तर तुम्हीच शिवलीत. काय सुंदर शिवलीत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. त्याला काडीची अक्कल नाही, त्याच्या घरात कुणी म्हातारं नाही का, त्याला कान आहेत की नुसतीच भोकं, असं बरंच. शेवटी मी त्याला नापास करीन असंही म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, "सर, पाणी घेता का?"

मावशी गाडीच्या दारात बसून होती. तिचा राग माझ्यासारखा बाहेर पडला नाही, कारण त्यातला अर्धा तिच्याकडेच वळला होता. "तो माप देतो, मी शिवून देते," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाही की जुनीचं काय केलंत. याच्यासारखंच झालं की माझं." मी म्हणालो, तुझी काय चूक. ती म्हणाली, "गप्प बस. गाडी घ्यायची आहे. आणि भंगारवाल्याचा पत्ता विचार, मला सांगणार नाही तो."

भंगारवाल्याकडे सीट नव्हती. फोम कुणीतरी गादीसाठी नेला होता, सांगाडा कापून विकला गेला होता. खाली ज्या जाड गोल तबकडीवर सीट फिरायची ती तेवढी ढिगात पडून होती. ग्रीसने इतकी माखलेली की कुणी हात लावला नव्हता. मावशीने ती पदराने पुसली, दोन्ही हातांनी फिरवून बघितली. ती फिरत होती.

पुढचे दोन महिने तिने बाहेरचं काम घेतलं नाही. चकाचकची तर एकही चिठ्ठी घेतली नाही. तबकडीवर नवा सांगाडा बसवायला एका लेथवाल्याला गाठलं. पहिल्या दिवशी तोही मला विचारायला लागला की माप काय ठेवू. मावशीने त्याच्या हातातली पट्टी काढून घेतली आणि स्वतः माप आखून दिलं. दुसऱ्या दिवसापासून तो तिच्याशी बोलायला लागला. काही माणसं शिकतात. मूळच्या सीटचा खटका डाव्या अंगाला होता, तो तिने उजवीकडे घेतला, काकांच्या चालत्या हाताशी. पुढच्या कडेला फोम टणक भरला, उठताना रेटा देता यावा म्हणून. मला बसवून बघायची, उठवायची, पुन्हा उसवायची. एका सुट्टीत मी चाळीस वेळा गाडीतून आत-बाहेर केलं आणि गॅरेजमधल्या मेकॅनिक लोकांची फुकट करमणूक झाली.

या दिवसांत चकाचकचा फोन आला. माझ्या फोनवर. म्हणाला, "सर, तसल्या सीटबद्दल दोन गिऱ्हाइकं विचारत होती. मावशींना विचारून सांगता का, बनवतील का?" वीस वर्षं हा माणूस तिच्याकडून काम करून घेतोय आणि याच्याकडे तिचा नंबर नाही. मी म्हणालो, तिच्या दुकानात जा, तिच्यासमोर उभे राहा आणि तिला विचारा. त्याने बरं म्हटलं. अजून गेलेला नाही.

गाडी तयार झाली तेव्हा काकांना ते सांगायची आमची हिंमत होईना. गाडी हा शब्द काढला तरी ते मान फिरवायचे. मी म्हणालो, मी समजावतो. मावशी म्हणाली, "तू काही समजावू नकोस. दोन वर्षं सगळे समजावतच आलेत त्यांना."

सकाळी तिने गाडी खिडकीसमोर आणून लावली. शेजारच्या सीटचं दार पूर्ण उघडलं, खटका ओढून सीट बाहेर वळवली. घराकडे तोंड करून रिकामी सीट थांबली. मग मावशी ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसली, इंजिन सुरू केलं आणि समोर बघत राहिली. हाक मारली नाही, हॉर्न वाजवला नाही. मी दारात उभा. काका खिडकीतून बघत होते. पाच मिनिटं गेली, पंधरा गेली. मला वाटलं, झालं, सगळी मेहनत पाण्यात. एवढ्यात आतून वॉकर टेकल्याचा आवाज आला.

काका उंबऱ्यापाशी थांबले. मी रस्ता सोडला. त्यांनी वॉकर उतरवला, मग एक पाय, मग दुसरा. सीटपाशी आल्यावर त्यांनी तळहाताने ती दाबून बघितली, मावशी दाबते तशीच. वळले आणि टेकले. त्यांचा तोल जातोय असं मला वाटलं आणि सवयीने माझे हात त्यांच्या काखेत गेले.

"हात काढ," काका म्हणाले.

शब्द अडखळला नाही. दोन वर्षांत त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. मी हात काढले. त्यांनी उजव्या हाताने डावा गुडघा उचलून वर घेतला, खटका ओढला आणि सीट त्यांना घेऊन आत वळली. डोकं कुठे आपटलं नाही. मी दार लावायला पुढे झालो, तेवढ्यात त्यांनीच ते ओढून घेतलं. मागच्या सीटवर मी बसायचं ठरलं होतं, पण त्या दोघांपैकी कुणालाच ते आठवलं नाही, आणि गाडी मला तिथेच ठेवून निघून गेली.