बुंदीच्या कोठीत बुरशी

परमेश्वरसारखा चौकस माणूस कुंभार पिंपळगावच्या शिवारात दुसरा न्हाई. आमच्या घराण्याचं रक्तच तसलं. आठवीला त्यानं शाळा सोडली का शाळेनं त्याला, यावर आजूनबी वाद हाय. पण एखादी गोष्ट त्याच्या डोक्यात शिरली, का मंग बैल जुपून वढली तरी निघत न्हाई.

त्या साली शिरली बुरशी.

त्याच्या तुरीवर मर आल्ती. शेंगा धरलेलं हिरवंगार झाड उभ्या उभ्या वाळून राह्यलं व्हतं. कृषी सहायक मॅडमनं खोड चिरून आतल्या काळ्या रेघा दाखवल्या.

"बुरशी मुळीतून शिरली," त्या म्हणल्या.

"मंग झाड झोपलं व्हतं का?"

"झोपत न्हाई. खेकड्याच्या कवचात जो जिन्नस असतो, तोच बुरशीच्या आंगात असतो. झाड तो बराबर ओळखतं. पण ही लबाड आंगावर असं काई पांघरून येती, का झाडाला वाटतं कुणी आलंच न्हाई. उशिरा कळतं, आन मंग झाड घाबरून सोताच्याच पाण्याच्या नळ्या बुजवतं. थोडं बुरशी मारती, थोडं ते सोताच मरतं."

तूर गेल्याचं दुःख व्हतंच. पण झाड फसलं, ह्याचा परमेश्वरला जास्त राग आला.

अशात थोरल्या भावाच्या, रायभानच्या पोरीचं लग्न निघालं. वर्षाराणीचं. मागच्या लग्नात ह्या घरात नवरदेवाकडची पंगत बसायच्या आधीच बुंदी संपल्ती. तवापासून बाजारात लोक इचारायचे, "पावणं, घरून जेवून येऊ का?" रायभान म्हंजे तालेवार माणूस, त्याच्या शब्दाला परतूरच्या मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांपर्यंत वजन. त्याला हे कसं सोसावं? त्यानं कोठीची चावी परमेश्वरच्या हातात दिली.

"परम्या, पावण्याच्या शेवटच्या पत्रावळीवर बुंदी पडली पायजे. न्हाई पडली तर मी ह्या गावात तोंड दाखवणार न्हाई."

भीती एकाच माणसाची व्हती. भुजंग. परतूरपासून अंबडपर्यंत बिनबोलावता जेवणारा. नाव समद्यांनी ऐकलेलं, तोंड कुणाच्या ध्यानात न्हाई.

सकाळपासून परमेश्वर कोठीच्या दारात बसला. खांद्यावर टॉवेल, हातात बकेट घेऊन वाढपी येत, बुंदी भरून जात. अन एकदम त्याच्या टाळक्यात उजेड पडला. हातात बकेट असलेल्याला लग्नात कुणी इचारतच न्हाई, तू कोण म्हणून. नवरीकडचे म्हणतात नवरदेवाचा, नवरदेवाचे म्हणतात नवरीकडचा. बकेट म्हंजेच बुरशीचं पांघरूण.

तो उठला, आत गेला अन आतून कडी लावली.

नवरदेवाकडची पंगत बसली. पुरी आली, भाजी आली, भात-वरण आलं. बुंदी येईना. दारासमोर रिकाम्या बकेटांची रांग लागली.

"परम्या, दार उघड," रायभान म्हणला.

"कोण?"

"तुझा थोरला भाऊ."

"बुरशीबी असंच म्हणती."

"आरं, मी तुला कडेवर खेळवलंय."

"दादा, आवाज तुमचाच हाय. म्हणूनच शक येऊन राह्यला."

तिकडं नवरदेवाच्या चुलत्यानं पत्रावळीवरून हात आखडला. रायभानचा फेटा कपाळावर घसरला, त्याला तो सावरायचं भान न्हाई. परमेश्वरची बायको शालू मागच्या खिडकीशी पळाली.

"आवं, पंगत उठायला लागली."

"उठू दे. बुंदी तर वाचली."

"वाचवून काय तिचं लोणचं घालता? आन तुमच्यामागं कोण बसलंय?"

परमेश्वरनं वळून पाह्यलं. बुंदीच्या ढिगापाशी टॉवेलवाला एक माणूस झाऱ्यानं गोळे मोकळे करत व्हता. सकाळपासून तो तिथंच. परमेश्वरनं त्याला दोनदा चहा पाजल्ता, भुजंगाबद्दल सावधबी केल्तं.

"हा आचाऱ्याचा माणूस हाय."

"आचाऱ्याचा कसला? आपल्या लग्नात अंतरपाट धरला व्हता यानं. तुमच्याकडचे म्हणत आमचा, माझ्याकडचे म्हणत त्यांचा. भुजंग हाय तो."

परमेश्वरनं तवा नुसतं कापड पाह्यलं व्हतं.

भुजंग शांतपणे उठला. "वहिनी, नजर तेज हाय तुमची. परमेश्वरराव, भांडण मागून करू. पंगत एकदा उठली का परत बसत न्हाई, हे माझ्याइतकं कुणाला ठाव हाय?"

अन त्यानंच कडी काढली.

"आधी बुंदी वाढता, म्हणून संपती," बकेटी भरता भरता तो वाढप्यांना म्हणला. "पावणा उपाशी असतो, ढीग मागतो. भात-वरण अजून एक डाव फिरवा, मंग बुंदी. आग्रह करा, पण हात राखून."

चुलत्याचा हात पत्रावळीवर परत आला. शेवटच्या पावण्याला बुंदी पोचली, वरून परातभर उरली. रायभाननं फेटा नीट केला अन भुजंगाला सोताच्या शेजारी बसवून जेवू घातलं. भुजंग लाजला. त्याला सवय नव्हती.

पुढं पेरणीच्या वक्ताला मॅडमनं तुरीच्या बियाला चोळायला एक भुकटी दिली. "ही पण बुरशीच. झाडाला गप करून मुळीत राहती, पण राखण करती."

परमेश्वर हसला. "ओळखतो मी हिला."

दिवाळीनंतर पुतण्याचं, करणचं लग्न निघालं. परमेश्वर पहिली पत्रिका घेऊन भुजंगाच्या घरी गेला. भुजंगानं ती उलटीपालटी करून पाह्यली अन परत दिली.

"बोलावलं म्हंजे मी पावणा झालो. पावण्याला कोठीत कोण घेतं?"

तवापासून आमच्यात कुणाचंबी लग्न असो, समद्या तालुक्याला पत्रिका जाती, भुजंगाला जात न्हाई. कोठीच्या दाराशी फकस्त एक बकेट अन एक टॉवेल आदल्या दिशी ठिवलेला असतो.