मीठ कोणी चाखलं?

माझा स्वभाव संशयी. बायको म्हणते, मी देवळात गेलो तरी आधी चपलांकडे बघतो, मग देवाकडे. त्यामुळे अमेरिकेतल्या शुगर लँडच्या आमच्या घरात बीफ शिजायला लागलं, आणि तेही इतकं चांगलं, म्हटल्यावर मी गप्प बसणं शक्यच नव्हतं.

ही दोन हजार पाच-सहा सालची गोष्ट. मी स्वतः बाहेर बीफ खायचो. ऑफिसच्या लंचला बर्गर, क्लायंट आला की स्टेक. त्यात लपवाछपवी नव्हती. पण घरात आणायचं नाही, हे न बोलता ठरलेलं होतं. बायको तर अंडं घातलेला केकसुद्धा खात नाही.

मुलगी तेव्हा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात होती. बँडची प्रॅक्टिस संपली की मैत्रिणीकडे जायची आणि तिथेच जेवायची. आम्ही ताटं वाढून बसलो की दारातून आवाज यायचा, "आय ऑलरेडी एट, आई." तिथे असं असतं काय, विचारलं तर म्हणाली, पॉट रोस्ट, म्हणजे भांड्यात मंद शिजवलेलं बीफ. उन्हाळा संपला की ती दूर कॉलेजला जाणार होती. तिची रिकामी खुर्ची बघत बायको भात चिवडत बसायची.

मग एका शनिवारी बायकोने ओव्हन रिकामा केला. आमच्याकडे ओव्हन म्हणजे कढया आणि तवे ठेवायचं कपाट. "मी घरीच करते," ती म्हणाली. मैत्रिणीच्या आईला फोन करून तिने सगळं विचारून घेतलं होतं. नाकाला जुनी ओढणी बांधून तिने मांसाचा जाड तुकडा कागदाने टिपून कोरडा केला, मीठ-मिरी चोळली आणि बिडाच्या भांड्यात कडकडीत तेलावर सगळ्या बाजूंनी चांगला लालसर भाजला. कांदा, लसूण, गाजर, दोन-चार लवंगा, थोडं पाणी, वर घट्ट झाकण. मग मंद ओव्हनमध्ये दुपारभर. काटा सहज आत जाईपर्यंत काढायचा नाही, आणि कापायचा तो मांसाच्या धाग्यांना आडवा.

पहिल्याच घासाला माझ्या मनात पाल चुकचुकली. मांस मऊ झालं, ते ठीक. ते वेळेचं काम. पण रश्श्याला मीठ अगदी नेमकं होतं. जिने जन्मात मांस जिभेवर ठेवलं नाही, तिला ते कसं कळलं? पुढच्या शनिवारी तेच, त्याच्या पुढच्याही. कुठेतरी पाणी मुरत होतं. मी बाहेर खातो ते मला चालत होतं, तिने चाखलेलं मात्र चालेना. अजब आहे, पण तसं होतं खरं.

मी पाळत ठेवली. सिंकमध्ये रश्श्याने माखलेला एक चमचा सापडला.

"हा कशाला?"

"ढवळायला."

चहाच्या चमच्याने रस्सा कोण ढवळतं? ओढणीवर डाग आहे का, तेही मी बघून घेतलं.

नंतरच्या शनिवारी गवत कापायला जातो असं सांगून मी बाहेर पडलो आणि गराजच्या दारातून हळूच आत डोकावलो. मुलगी काउंटरवर चढून बसली होती. बायको तिच्यापुढे चमचा धरून उभी होती.

"बघ गं, मीठ?"

"लिटल मोअर, आई."

"थोड्या वेळाने परत चाखशील ना? मला नाही बाई कळत यातलं."

"ओके, आय विल स्टे." मग ती पाय हलवत वर्गातल्या कुठल्याशा मुलाबद्दल सांगत राहिली आणि बायको ऐकत राहिली.

मला हायसं वाटलं. चाखणारी सापडली होती. पण संशयी माणसाचं हायसं वाटणं किती टिकणार? आमच्या गणपतीला घरभर पाहुणे असतात आणि स्वयंपाक ही एकटी करते. नैवेद्य दाखवायच्या आधी काही चाखायचं नाही, म्हणून आमटीपासून मसालेभातापर्यंत सगळं नुसत्या वासावर आणि हाताच्या अंदाजावर. त्यात मीठ चुकलेलं मला एकदाही आठवत नाही.

जेवणं झाल्यावर मी तिला गाठलं. "तुला चाखायला माणूस कधीपासून लागायला लागला?"

तिने जिन्याकडे पाहिलं.

"हळू बोल," ती म्हणाली. "तिला वाटतंय, ती नसली तर मला जमणार नाही."