आबांचे फोन मी बंद केले

लोणावळ्याच्या एका हॉटेलच्या सभागृहात माझ्या एका वाक्यावर सगळी माणसं हसली आणि मला फार बरं वाटलं. इथूनच सुरुवात करतो. पुढे जे झालं त्याची मी स्वतःला बरीच कारणं देऊ शकतो. त्या बरं वाटण्याचं एकही देता येत नाही.

वाक्य माझं होतं, बोलत होते आमचे सर. मी ज्या कंपनीत काम करतो तिचे ते मालक. सरकारी कामात माणसं, वेळ, इंधन कुठे वाया जातं ते कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने शोधून काढायचं, हा आमचा धंदा. भाषणांचे मुद्दे मी काढून देतो. त्या दिवशी बाहेर धुकं इतकं होतं की काचेपलीकडच्या गाड्या दिसत नव्हत्या, आणि आत सर मंगळावर पोचले होते. माणूस एक ना एक दिवस पृथ्वीबाहेर वस्ती करणार, असं ते मनापासून मानतात. तिथे प्रत्येक श्वास तयार करावा लागेल, म्हणून एकही माणूस उगाच ठेवता येणार नाही. इथल्या सरकारांना ही शिस्त लागली नाही, कारण इथे हवा आयती मिळते. मग ते म्हणाले, "आमच्या एका सहकाऱ्याच्या गावाजवळ धरण आहे. तिथे एक चौकीदार आहे. काम काय? पाणी कुठवर आलंय ते पट्टीवर बघायचं आणि वहीत लिहायचं. दिवसाची चाळीस मिनिटं. उरलेला वेळ तो पाण्याकडे बघतो आणि पाणी त्याच्याकडे बघतं."

शेवटचं वाक्य माझं. हशा त्यावरच झाला.

तो चौकीदार म्हणजे आमच्या गावचे आबा. गाव कामशेतच्या आतल्या अंगाला आहे. नाव लिहीत नाही, धरणाचंही नाही. आबांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच. वडील शेतावर असत तेव्हा मला ताप आला तर डॉक्टरकडे आबा नेत.

सरांचं म्हणणं मला खोटं वाटत नव्हतं, आजही सगळं खोटं वाटत नाही. जमिनीच्या एका फेरफाराच्या नोंदीसाठी माझे वडील वडगावच्या तहसील कार्यालयात किती वेळा गेले ते मी पाहिलंय. प्रत्येक वेळी धुतलेला सदरा घालून जायचे आणि संध्याकाळी काम न होताच परत येऊन तो खुंटीला लावायचे. असली कार्यालयं एखाद्या यंत्राने तपासावीत असं मला पहिल्यापासून वाटायचं. पण कंपनीच्या तपासणीसाठी आबांचं धरण मी सुचवलं ते त्यासाठी नव्हे. कंपनीत सगळी तिशीच्या आतली पोरं. माझं वय पन्नाशीकडे. मीही काही नवं आणू शकतो, हे मला दाखवायचं होतं.

मागच्या पावसाळ्यात तीन दिवस मी आबांच्या सोबत धरणावर बसलो. ते काय करतात ते मिनिटासकट टिपायचं होतं. आबांना त्याची गंमत वाटत होती.

"आता तंबाकू मळतोय. लिव."

"आबा, तसलं नाही लिहायचं."

"का? तुझ्या मशिनला तंबाकू चालत न्हाई व्हय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी दरवाजे उघडायचे ठरले. शाखा अभियंत्यांचा निरोप आला तसे आबा खोलीच्या पायरीवर बसले आणि एकेकाला फोन लावू लागले. जवळ शाळकरी वही होती. खालच्या अंगाला नदीकाठी कुणाचा पंप आहे, कुणाची जनावरं कुठे चरतात, सगळं तीत होतं. एका मावशीचा नंबर त्यांनी लावलाच नाही. मी विचारलं.

"मावशी उचलत न्हाई. तिचा फोन पिठाच्या डब्यात आसतोय."

"मग?"

"सकाळ आसंल तर सुनंला लावायचा. दुपारची सून रिसॉर्टवर, कामाला. तितं फोन लॉकरात ठेवून घेत्यात. मग दुकानदाराला लावायचा. त्यो वट्यावर हुबं ऱ्हाऊन हाळी देतो. मावशी म्हशी घिऊन नदीतल्या बेटावर गेलेली आसती, पर तिला हाळी ऐकू येती. कान लय तिखट हायेत म्हातारीचे."

मी हे ऐकलं. समजलंही. आमच्या तक्त्यात मात्र पाण्याची पातळी, पाऊस, दरवाजे आणि इतर एवढेच रकाने होते. त्या दुपारचा सगळा वेळ मी 'इतर'मध्ये टाकला. शेजारी शेरा लिहायला जागा होती. तिथे मी 'फोनवर बोलणे' असं लिहिलं. फोनवर काय, कुणाशी, कशासाठी, हे लिहिलं असतं तर चाळीस मिनिटांचा आकडा टिकला नसता. आकडा मला आवडला होता.

उन्हाळ्यात धरणावर आमच्या कंपनीची यंत्रं बसली. पातळी आपोआप मोजली जाऊ लागली आणि दरवाजे उघडायच्या आधी नोंदवलेल्या सगळ्या नंबरांवर मेसेज जाऊ लागले. आबांची निवृत्ती सप्टेंबरअखेर होती, त्यांच्या जागी कुणी येणार नव्हतं. जुलैत पहिल्यांदा पाणी सोडलं तेव्हा सवयीने आबांनीही फोन केले. मेसेजमध्ये अडीच वाजता होतं, आबा लोकांना तीन सांगत होते. लोक गोंधळले आणि पाटबंधारे खात्याच्या कार्यालयात फोन करू लागले. तिथून मला विचारणा झाली. मी गावी गेलो आणि आबांना अंगणात गाठलं.

"आबा, आता फोन करू नका. यंत्र कळवतंय सगळ्यांना. दोन दोन वेळा सांगितल्या की घोळ होतो."

"आरं, अडीचला दार उघडतंय. आपल्या काठाला पाणी याया तीन वाजत्यात. म्या पाण्याची येळ सांगतो."

"असू द्या. पण तुम्ही करू नका."

"बरं बाबा," आबा म्हणाले. "तुमी शिकल्याली माणसं."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी लोणावळ्याचं ते भाषण झालं आणि लोक हसले.

ऑगस्टमध्ये एका दुपारी पाणी सोडलं. मेसेज गेले, आमच्या पडद्यावर सगळ्या नंबरांपुढे हिरवी खूण आली. मावशीच्या घरचा म्हणून नोंदवलेला नंबर सुनेचा होता आणि फोन रिसॉर्टच्या लॉकरात होता. मावशी म्हशी घेऊन बेटावर होती. दोन्ही बाजूंनी पाणी चढलं. एक म्हैस वाहून गेली. दुसरीच्या मागे उतरताना मावशी खडकावरून घसरली. दोघांनी दोर टाकून तिला काढलं तेव्हा तिचा पाय मांडीत मोडलेला होता.

आठवड्याने खात्याच्या कार्यालयात चौकशी झाली. कंपनीतर्फे मी होतो. आबा स्वच्छ टोपी घालून आले होते. सरकारी नोकरीत त्यांना कधी कुणी खुलासा विचारला नव्हता. आता दीड महिना उरला असताना खात्याच्या कागदावर आणि गावाच्या तोंडी त्यांचं नाव काय राहणार, याचा निकाल त्या खोलीत लागायचा होता.

अभियंते म्हणाले, "मेसेज गेलेला आहे, तसा अहवाल आहे. पण आबा, तुम्ही दर वर्षी फोन करता. या वेळी का नाही केलात?"

आबांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्यानं सांगितलं, करू नगा म्हून."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "मी त्यांना फक्त यंत्रणा समजावून सांगितली. फोन बंद करा असा आदेश द्यायचा मला अधिकारच नाही."

दुसरं वाक्य खरं होतं. त्याच्या आडोशाने मी पहिलं खोटं बोलून गेलो.

 आबा म्हणाले, "व्हय. अधिकार न्हाई, ते खरं हाय."

त्यांना नोटीस निघाली, कर्तव्यात कसूर केल्याची. जे मी 'इतर'मध्ये टाकलं होतं, ते नोटिशीत कर्तव्य झालं होतं.

दोन आठवड्यांनी सरांच्या लोणावळ्याच्या बंगल्यावर गेलो आणि आबा फोनवर नेमकं काय करायचे ते सांगितलं. मला वाटत होतं ते झटकून टाकतील, मग मला त्यांच्यावर रागावता येईल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि लॅपटॉपवर माझा तक्ता उघडला.

"हे तुला तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"मग इथे का नाही? यंत्र लिहिलेलंच वाचतं रे. मीही तुझं लिहिलेलंच वाचून बोललो." त्यांनी लॅपटॉप मिटला. "वस्ती मंगळावर केली तरी कुणाचा फोन डब्यात असतो हे कुणाला तरी माहीत असावंच लागेल. मी त्या माणसावर लोकांना हसवलं."

मग ते म्हणाले, आता यंत्रालाच फोन करायला लावू, मावळी बोलीत. त्यांचं डोकं पुढे धावू लागलं होतं. माझं त्या शेऱ्याच्या जागेपाशीच अडकलं होतं.

तरीही लेखी जबाब द्यायला मला आणखी पाच आठवडे लागले. नोकरीची भीती होती असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "नोकरी जाणार नाही हे तुलाही माहितीये. तुला आबांच्या दारात जायचं नाहीये." जबाब दिला तेव्हा अभियंते म्हणाले, "आधी दिला असता तर इथेच मिटलं असतं. आता फाइल वर गेलीय. जोडतो तिला." आबा चार दिवसांपूर्वीच निवृत्त झाले होते.

जबाबाची प्रत घेऊन मी गावी गेलो. आबा भाताच्या बांधावर गवत काढत होते. मी वाचून दाखवलं. विळा थांबला नाही.

"लिवून दिलंस, बरं केलंस. सायबाला कळलं."

"आबा, माझं चुकलं."

"मला काय सांगतोस? मला ठावंच हाय." त्यांनी गवताची मूठ बाजूला टाकली. "मावशीला सांग. तिला वाटतंय म्या दुपारचा झोपलोतो. सारं गाव तेच म्हनतंय. दुकानदार बी इचारतो, आबा, त्या दिवशी डोळा लागला का? हसत इचारतो. त्याला कागद दावू का मी?"

"मी जातो."

"वट्यावर सांग. घरात शिरून कानात नगं."

मावशी ओट्यावरच होती, पाय लांब करून, काठी शेजारी. दुकानापुढे चारपाच माणसं बसली होती. मी उभ्यानेच सांगायला लागलो. आबांना फोन करू नका असं मी सांगितलं होतं, आणि चौकशीत विचारल्यावर मी खोटं बोललो. आवाज बारीक निघाला असावा. दुकानदार म्हणाला, "जरा मोठ्यांदी, भाऊ." मी पुन्हा सगळं सांगितलं.

 मावशी रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत.

"म्हंजी दोन म्हैनं मी त्या मानसाशी बोलले न्हाई, ते उगंच?"

"हो, मावशी."

"चारदा आलता. दूध घिऊन आलता. म्या सुनंला सांगितलं, परत दे म्हून."

तिने काठी ओढली. सून धावत आली, डॉक्टरांनी चालायचं नाही सांगितलंय म्हणाली. मावशीने तिचा हात बाजूला केला. मी पुढे झालो.

"तू नगं," ती म्हणाली. "तू बस हितंच."

ओट्याच्या दोन पायऱ्या उतरायला तिला फार वेळ लागला. मग सुनेच्या खांद्यावर एक हात ठेवून ती आबांच्या घराकडे निघाली. दुकानापुढची माणसं उठून तिच्या मागे गेली. दुकानदारही गेला, दुकान तसंच उघडं टाकून. तिने बस म्हटलं होतं, म्हणून मी ओट्यावर बसलो. आबांच्या घराच्या बाजूने कुणीतरी शेताकडे तोंड करून मोठ्याने आबांना हाक मारली. मला उठून तिकडे जावंसं वाटत होतं. मला कुणी बोलावलं नव्हतं.